वाचकांचे प्रश्न : चिपच्या लेआउटमध्ये टूलबार वापरताना

चिपचा लेआउट, म्हणजे तिच्यातल्या थरांचा नकाशा, काढायला आपल्याकडच्या कॉलेजांमध्ये 'केलेआउट' हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं जातं. बहुतेक पत्रं त्याच्या वरच्या पट्टीतल्या बटणांबद्दलच आली आहेत. उत्तरांतली मापं स्कायवॉटरच्या १३० नॅनोमीटर प्रक्रियेची, म्हणजे 'स्काय१३०'ची आहेत. तुमची प्रक्रिया वेगळी असेल तर मापं बदलतील, बटणं तीच राहतील.

प्रश्न (परभणी) : माझ्या टूलबारवर सिलेक्ट, मूव्ह आणि रूलर एवढंच दिसतं. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर बॉक्स, पाथ, पॉलिगॉन सगळं आहे. माझं इन्स्टॉलेशन चुकलं का?

इन्स्टॉलेशन बरोबर आहे. केलेआउटचे दोन अवतार आहेत, व्ह्यूअर आणि एडिटर. तुमच्याकडे व्ह्यूअर उघडतो आहे. त्यात चित्र बघता येतं, मोजता येतं, पण नवीन काही काढता येत नाही, म्हणून काढण्याची बटणंच नाहीत. मोठ्या चिपची फाइल कमी मेमरीत उघडता यावी यासाठी ही सोय ठेवलेली आहे.

विंडोजवर स्टार्ट मेनूत एडिटरचं वेगळं चिन्ह असतं, त्यावरून उघडा. कायमचा बंदोबस्त करायचा तर फाइल मेनूतून सेटअप, त्यात ॲप्लिकेशन, त्यात एडिटिंग मोड उघडा आणि एडिटिंग मोड नेहमीसाठी चालू करणाऱ्या चौकटीत खूण करा. त्यानंतर सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू करा. नुसती खूण करून थांबलात तर आधीच उघडलेली फाइल व्ह्यूअरमध्येच राहते आणि सेटिंग लागलंच नाही असं वाटतं.

प्रश्न (नांदेड) : मेटल-१ (तारांसाठीचा धातूचा एक थर) ची पट्टी पाथने काढली. रुंदी ०.१४५ मायक्रॉन दिली, म्हणजे किमान ०.१४ पेक्षा जास्तच. तरी डीआरसी (लेआउट प्रक्रियेचे नियम पाळतो का ते बघणारी तपासणी) ऑफ-ग्रिडची, म्हणजे कडा ग्रिडच्या रेघांवर नसल्याची, चूक दाखवतं. ग्रिड ०.००५ चं आहे आणि ०.१४५ ला ०.००५ ने बरोबर भाग जातो. मग चूक कुठे?

भाग जातो हे खरं, पण पाथ काढताना तुम्ही पट्टीची मधली रेघ काढता. रुंदी त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी पसरते. ०.१४५ ची निम्मी ०.०७२५. मधली रेघ ग्रिडवर असली तरी दोन्ही कडा ग्रिडच्या दोन रेघांच्या मधोमध पडतात. ०.१४ ची निम्मी ०.०७, ती ग्रिडवर बसते. ०.१५ चंही तसंच. थोडक्यात, पाथची रुंदी ग्रिडच्या दुपटीच्या, म्हणजे ०.०१ च्या पटीत ठेवा. ०.१४५ च हवी असेल तर पाथऐवजी बॉक्स वापरा. बॉक्सला मधली रेघ नसते, त्याच्या कडा तुम्ही ठेवाल तिथेच राहतात.

पाथचं बटण दाबल्यावर लगेच एफ-३ दाबायची सवय लावून घ्या. त्या बटणाची सगळी सेटिंग्ज तिथे उघडतात : रुंदी, टोकाचा प्रकार, कोनाचं बंधन आणि ग्रिड. ग्रिडसाठी 'अदर ग्रिड' निवडून ०.००५ लिहा आणि कोनासाठी मॅनहॅटन ठेवा, म्हणजे रेघा आडव्या-उभ्याच जातील. टोकाचा प्रकारही बघून घ्या. 'फ्लश'मध्ये पट्टी शेवटच्या क्लिकवर संपते, 'स्क्वेअर'मध्ये अर्ध्या रुंदीइतकी पुढे जाते. ०.१४ च्या पट्टीत हा फरक ०.०७ मायक्रॉनचा होतो आणि शेजारच्या पट्टीपासूनचं ०.१४ चं अंतर मोडायला तेवढा पुरतो.

ग्रिड नंतर बदललं म्हणून आधी काढलेल्या आकृत्या आपोआप त्यावर येत नाहीत. ती आकृती निवडा, क्यू दाबा आणि गुणधर्मांच्या खिडकीत आकडे हाताने दुरुस्त करा.

सुटे तुकडे काढताना आणखी एक नियम हमखास नडतो. मेटल-१ च्या तुकड्याचं क्षेत्रफळ किमान ०.०८३ चौरस मायक्रॉन लागतं. ०.१४ रुंदीच्या पट्टीची लांबी ०.५९ ठेवली तर ते ०.०८२६ भरतं आणि डीआरसी अडवतं. लांबी ०.५९५ केली की सुटतं.

प्रश्न (लातूर) : १५ इन्व्हर्टरचा रिंग ऑसिलेटर (इन्व्हर्टर गोल साखळीत जोडून केलेलं सर्किट) काढला. एका इन्व्हर्टरमधला मेटल जरासा सरकवला तर पंधराही जागी सरकला. अंडू करून वाचलो. असं का होतं?

ते पंधरा इन्व्हर्टर म्हणजे एकाच सेलच्या, म्हणजे एकदा काढून अनेक जागी वापरायच्या तुकड्याच्या, पंधरा नेमणुका. आतली आकृती एकदाच साठवलेली असते. सिलेक्टच्या बटणाने तुम्ही क्लिक केलं ते थेट आतल्या मेटलवर, त्यामुळे मूळ सेलच बदलला. वरच्या पातळीवर काम करताना एडिट मेनूतल्या 'सिलेक्ट टॉप लेव्हल ऑब्जेक्ट्स'वर खूण ठेवा. मग क्लिक केल्यावर अख्खा इन्व्हर्टर निवडला जाईल, आतला मेटल नाही. आम्ही ही खूण कायम ठेवायला सांगतो. आत जायचंच असेल तर इन्व्हर्टर निवडून कंट्रोल-डी दाबा, परत वर यायला कंट्रोल-ए. आत असताना बाकीचा लेआउट फिकट होतो, त्यावरून आपण कुठल्या पातळीवर आहोत ते कळतं. एकाच जागी जादा मेटल हवा असेल तर सेलला हात लावू नका, वरच्या सेलमध्ये त्या जागी पट्टी टाका.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : बॉक्सची एकच कड ओढायची असते, पण मूव्हने अख्खा बॉक्स सरकतो.

त्यासाठी पार्शल हे बटण आहे. ते दाबून कडेवर क्लिक करा, कड नव्या जागी न्या आणि पुन्हा क्लिक करा. कोपऱ्यावर क्लिक केलं तर कोपरा हलतो. बरेच जण जुना बॉक्स पुसून नवीन काढतात, त्याची गरज नाही.

प्रश्न (हिंगोली) : टेक्स्टच्या बटणाने पिनांची नावं लिहिली. पडद्यावर दिसतात, पण एलव्हीएसमध्ये (लेआउट मूळ सर्किटशी जुळतो का त्या तपासणीत) पिना, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या जागा, सापडत नाहीत.

टेक्स्ट काढताना उजवीकडच्या लेयरच्या यादीत कुठला लेयर निवडलेला होता ते तपासा. स्काय१३० मध्ये मेटल-१ च्या आकृत्यांचा लेयर ६८/२०, पण त्याच्या नावांचा ६८/५ असतो. ६८/२० निवडलेला असताना नाव लिहिलं तर ते पडद्यावर दिसतं, पण पिनांची नावं शोधणारा प्रोग्राम तिथे बघत नाही. टेक्स्ट निवडा, लेयरच्या यादीत ६८/५ निवडा आणि एडिट मेनूतल्या सिलेक्शनमधून 'चेंज लेयर' करा. नावाचा बिंदू मेटलच्या आतच पडला पाहिजे. कडेबाहेर गेलेलं नाव कुठल्याच जाळ्याला (नेटला, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या तारांना) जोडलं जात नाही.

प्रश्न (बीड) : रूलरने घेतलेली मापं फाइल पुन्हा उघडल्यावर गायब होतात.

जीडीएस फाइलमध्ये, म्हणजे लेआउट साठवण्याच्या नेहमीच्या फाइलमध्ये, रूलर साठवले जात नाहीत. फाइल मेनूतून सेशन सेव्ह करा, मग राहतात. दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजायला रूलरच्या बटणाशेजारचा बारीक बाण दाबून 'मेझर' निवडा आणि मधल्या जागेत एकदाच क्लिक करा. दोन्ही बाजूंच्या कडा ते स्वतः शोधतं. नको असलेले रूलर कंट्रोल-के ने एकदम पुसता येतात.