बर्लिनला येताय, तर आधी ऐकायला या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी, रात्री मराठी कविता आणि लॅपटॉपवर त्यांच्याभोवती रचलेले आवाज, आणि आता हातात बर्लिनच्या एका कंपनीची ऑफर. इथल्या प्रायोगिक संगीत, कविता आणि कलेच्या कार्यक्रमांत शिरकाव कसा होतो, पुढे नोकरी सोडून त्यावर जगता येईल का, जर्मन न येता चालेल का आणि मराठी कविता इथे कोण ऐकणार, हे तुम्हाला हवंय. मी इथे बरीच वर्षं राहतेय आणि माझ्या मोकळ्या संध्याकाळी याच जागांवर जातात, म्हणून सविस्तर लिहिते.

शिरकावासाठी कुठे अर्ज करावा लागत नाही. तुम्ही श्रोता म्हणून सतत दिसायला लागता, मग लोक विचारतात, "तुम्ही काय करता?" बाहेरून हे संथ वाटेल. पण या जागा ज्यांनी उभ्या केल्या ते स्वतः वादक, कवी, चित्रकार आहेत. आज जो वाजवतो तोच उद्या दारावर तिकीट फाडतो आणि परवा खुर्च्या मांडतो. वीस-तीस माणसांच्या खोलीत तिसऱ्या-चौथ्या वेळी आलेला चेहरा कुणाच्याही लक्षात येतो.

हे असं का झालं, ते माहीत असलेलं बरं. १९८९ मध्ये भिंत पडली तेव्हा पूर्व बर्लिनमधल्या मिटे आणि प्रेन्झलाउअर बेर्ग भागांत कितीतरी इमारती रिकाम्या होत्या. तरुणांनी त्या ताब्यात घेतल्या, तळघरांत आणि दिवाणखान्यांत कार्यक्रम सुरू केले. त्यातून नव्वदच्या दशकाच्या मध्याला इथल्या मुक्त वादनाचा जो प्रवाह घडला त्याला एख्टत्साइटमुझीक, म्हणजे ‘त्या क्षणीच घडणारं संगीत’, म्हणतात. आधीच्या पिढीचं फ्री जॅझ जोरकस होतं. पीटर ब्रोट्झमानचा सॅक्सोफोन हे त्याचं ठळक उदाहरण. नव्या पिढीतले बरेच जण उलट दिशेने गेले. आक्सेल ड्योर्नरच्या ट्रम्पेटमधून सूर न येता नुसती हवा येते, आंद्रेआ नॉयमान पियानोच्या आतला तारांचा सांगाडा वेगळा काढून तोच वाजवते. हे ऐकायला शांत खोली लागते. त्यामुळे इथली बैठक अगदी चिडीचूप असते, आणि पहिल्यांदा येणाऱ्याला ती शांतता अवघड जाते. थोड्या दिवसांनी तिच्याचसाठी जावंसं वाटतं.

जागांबद्दल. प्रेन्झलाउअर बेर्गमधल्या लिखेनर श्ट्रासवर आउसलांट नावाचं तळघर आहे, २००२ पासून स्वयंसेवकांनी चालवलेलं. पहिली भेट इथेच द्या. नॉयक्योल्नमध्ये केएम २८ आणि सोविझो; सोविझो इतकं लहान की वादकाचा श्वास ऐकू येतो. क्रॉइत्सबेर्गमधलं मोर्फिन राउम हा मुळात ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ आहे, त्यामुळे तिथला आवाज फार स्वच्छ. लाबोर सोनोर ही मैफलींची मालिका २००० साली आउगुस्ट श्ट्रासवरच्या कुले या घरात सुरू झाली; ते घरही १९९० मध्ये ताब्यात घेतलेल्यांपैकीच. वेडिंगमधलं सायलेंट ग्रीन हे पूर्वीचं दहनगृह. तिथलं घुमटाचं सभागृह मानवी आवाजाला इतकं सुंदर उचलतं की तुम्ही तिथे एखादं काव्यवाचन ऐकावंच, असा माझा आग्रह आहे. शहराच्या आग्नेयेला श्प्रे नदीकाठी फुंकहाउस आहे, पूर्व जर्मनीच्या रेडिओसाठी पन्नासच्या दशकात बांधलेलं. तिथली मुद्रणदालनं केवळ पाहण्यासाठीसुद्धा जावं अशी आहेत.

तुमच्यासारख्या नव्या माणसाला मात्र यापेक्षाही जास्त उपयोगाचं ठरेल ते क्रॉइत्सबेर्गमधलं एक्सप्लोराटोरियुम. ते पूर्णपणे उत्स्फूर्त वादनाला वाहिलेलं आहे. तिथे कार्यशाळा होतात आणि खुली सत्रंही असतात, ज्यांत अनोळखी माणसं एकत्र बसून वाजवतात. शिक्षण, पदवी कुणी विचारत नाही. लॅपटॉपवाले तिथे थोडे अवघडतात, कारण बाकीचे हातांनी आणि श्वासाने झटपट प्रतिसाद देतात आणि तुम्ही फाइल शोधत बसता. येण्यापूर्वी स्वतःसाठी एक छोटी, हाताने चालवता येईल अशी मांडणी करा: एक मायक्रोफोन, एक लूपर (आवाज टिपून तो पुन्हापुन्हा वाजवणारं यंत्र), एवढंही पुरतं. तुमचा आवाज हेच तुमचं वाद्य आहे, हे तुम्ही पाठवलेल्या ध्वनिफिती ऐकून मी सांगतेय.

कार्यक्रम शोधायला एख्टत्साइटमुझीकचं स्वतःचं कॅलेंडर आहे आणि फील्ड नोट्स नावाचं समकालीन संगीताचं नियतकालिक आहे, त्यातही तारखा असतात. हे दोन सांभाळलेत तर एकही संध्याकाळ रिकामी जायला नको. तिकीट अनेक ठिकाणी दहा-पंधरा युरोच्या आसपास, बरेचदा "जमेल तेवढं द्या" अशी पेटी. रोख पैसे जवळ ठेवा. वेळेवर जा, कारण निवासी इमारतींमधल्या जागांना रात्री दहानंतरच्या शांततेचा नियम पाळावा लागतो आणि वादन सुरू झालं की दार बंद ठेवतात. रचना संपल्यावर काही क्षण कुणी टाळ्या वाजवत नाही, तेव्हा आपणही घाई करू नये. नंतर सगळे तिथेच रेंगाळतात. वादकाकडे जाऊन "ते मधलं तुम्ही कसं काढलंत?" एवढं विचारा. इथल्या माझ्या जवळजवळ सगळ्या ओळखी अशा प्रश्नातून झाल्या आहेत.

मोठे महोत्सव जरूर पाहा, पण त्यांच्याकडून शिरकावाची अपेक्षा ठेवू नका. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत प्रायोगिक आणि इलेक्ट्रॉनिक संगीताचा सीटीएम (१९९९ पासून) आणि त्याच सुमारास डिजिटल कलेचा ट्रान्समेडिआले, मार्चमध्ये समकालीन संगीताचा मेर्त्समुझीक. तिथे जगभरातलं काम एका ठिकाणी ऐकायला मिळतं आणि आपल्या कानांना नवं माप मिळतं. चित्रकलेकडे मी ओझरतीच जाते. गॅलऱ्यांच्या उद्घाटनाच्या संध्याकाळी फुकट आणि सगळ्यांना खुल्या असतात, आणि जूनमधल्या ‘४८ तास नॉयक्योल्न’ या उपक्रमात तर अख्ख्या वस्तीतली घरं, दुकानं, अंगणं प्रदर्शनासाठी उघडतात. आवाज आणि दृश्यकला यांच्या मधल्या कामासाठी ओरानिएन श्ट्रासवरची डाडगालेरी (डाड या जर्मन विनिमय संस्थेची गॅलरी) आणि वेडिंगमधलं सॅव्ही कंटेंपररी हे कलाकेंद्र. सॅव्ही २००९ मध्ये सुरू झालं आणि युरोपबाहेरच्या कलाविचाराला त्यांनी पहिल्यापासून मध्यभागी ठेवलंय. तिथे तुम्हाला "तुम्ही कुठल्या?" या प्रश्नापलीकडचं संभाषण मिळेल.

आता पैसा. इथे मी स्पष्ट बोलणार आहे, कारण यावर तुमचा पुढचा निर्णय अवलंबून आहे. फक्त प्रायोगिक मैफलींवर जगणारं माझ्या ओळखीत फार कमी कुणी आहे. दारावरचे पैसे वाटून घेतले की प्रत्येकाच्या हाती जेमतेम रात्रीच्या जेवणापुरते येतात. खरं मानधन येतं ते अनुदान मिळालेल्या प्रकल्पांतून: बर्लिन राज्य, राजधानीचा सांस्कृतिक निधी आणि संघराज्याच्या पैशातून चालणारा मुझीकफाँड्स हा संगीतनिधी. तेही आता आक्रसलंय. २०२५ साठी बर्लिनने सांस्कृतिक खर्चात सुमारे १३ कोटी युरोंची कपात केली, आणि मोठ्या नाट्यगृहांइतकाच, किंबहुना जास्तच, त्याचा धक्का लहान जागांना बसतो, कारण त्यांच्याकडे शिल्लक अशी नसतेच. मला याचा मनापासून त्रास होतो. ज्या खोल्यांमुळे हे शहर ऐकण्याजोगं झालं, त्यांचीच भाडी आधी थकतात.

म्हणून सांगते, नोकरीची ऑफर सोडू नका. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून थेट येण्याचा रस्ताही आहे: निवास कायद्याच्या कलम २१, पोटकलम ५ खाली कलाकारांना परवाना मिळतो. त्यासाठी इथल्या संस्थांची काम देऊ इच्छिणारी पत्रं, उत्पन्नाचा आराखडा, आरोग्यविमा हे सगळं लागतं, आणि ओळखी नसताना अशी पत्रं जमवणं जड जातं. तुमची ऑफर ब्ल्यू कार्डच्या, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीच्या परवान्याच्या, पगाराच्या अटीत बसत असेल तर मी तुमच्या जागी पुढचा मार्ग घेईन. नोकरी करत जर्मन बी१, म्हणजे मध्यम, पातळीपर्यंत शिका. ब्ल्यू कार्डवर तेवढी भाषा असेल तर २१ महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, नसेल तर २७ महिन्यांनी, आणि तेव्हाही ए१, म्हणजे अगदी प्राथमिक, पातळीची भाषा लागतेच. कायम परवाना मिळाला की स्वतंत्र काम करायला वेगळी परवानगी लागत नाही. मग नोकरीचे तास कमी करा. तोपर्यंत मात्र मानधन घेऊन कार्यक्रम करायचा असेल, रक्कम कितीही लहान असो, तर आधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून जोडकामाची लेखी परवानगी घ्या. हे लोक विसरतात आणि नूतनीकरणाच्या वेळी अडकतात.

पुढे कलेवर बहुतांश उत्पन्न यायला लागलं की क्युन्स्टलरझोत्सिआलकासं, म्हणजे कलाकारांचा सामाजिक विमा, ही जर्मनीतली एक फार चांगली व्यवस्था तुम्हाला उपयोगी पडेल. १९८३ पासून ती चालू आहे. विमा आणि निवृत्तिवेतनाचा निम्माच हप्ता कलाकार भरतो, उरलेला निम्मा कलाकारांकडून काम घेणाऱ्या संस्था आणि सरकार मिळून भरतात. वर्षाला कलेतून ३,९०० युरोंपेक्षा जास्त उत्पन्न लागतं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना पहिल्या तीन वर्षांत ही अट नाही.

घराबद्दल एकच सांगते. पत्त्याची नोंदणी, अनमेल्डुंग, घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते, आणि तिला घरमालकाची सही असलेला कागद लागतो. "खोली मिळेल, पण नोंदणी करता येणार नाही" असं कुणी म्हटलं तर ती खोली घेऊ नका. नोंदणीशिवाय तुमचं प्रत्येक पुढचं काम अडतं.

भाषेचं उत्तर संगीतासाठी एक आणि कवितेसाठी वेगळं. संगीताच्या जागांवर इंग्रजी सहज चालते, वादक इतक्या देशांतले आहेत की दुसरा पर्यायच नसतो. कवितेचे जास्त कार्यक्रम जर्मनमध्ये होतात. पण कुल्टुरब्राउअराइ या जुन्या मद्यभट्टीच्या आवारातल्या हाउस फ्यूर पोएझीकडे, म्हणजे ‘कवितेच्या घराकडे’, लक्ष ठेवा. ही संस्था २००० पासून कवितेचा महोत्सव भरवते. त्यातल्या वेल्टक्लांग या रात्री प्रत्येक कवी आपल्या मूळ भाषेतच वाचतो आणि श्रोत्यांच्या हातात अनुवादाची पुस्तिका असते. कवींच्या स्वतःच्या आवाजातल्या हजारो कविता जपणारं लिरिकलाइन हे संकेतस्थळही त्यांचंच, १९९९ पासूनचं. त्यांची अनुवादाची एक पद्धत मला फार आवडते: दोन भाषांतले दोन कवी, शब्दशः कच्चा अनुवाद आणि मधे एक दुभाषी, असे समोरासमोर बसून एकमेकांच्या कविता आपापल्या भाषेत आणतात. २०१५-१६ मध्ये गोएथे इन्स्टिट्यूटसोबत त्यांनी दक्षिण आशियातल्या अनेक भाषांतल्या कवींना घेऊन हे केलं होतं.

म्हणजे मराठीत वाचायला घाबरण्याचं कारण नाही. माझ्या अनुभवात इथले श्रोते अर्थ न कळणारी भाषा धीराने ऐकतात. याच शहरात राउल हाउसमान या दादावादी कलाकाराने १९१८ मध्ये नुसत्या अक्षरांच्या कविता छापल्या होत्या. फक्त एक विनंती: कविता इंग्रजीत लिहायला लागू नका. इथे आल्यावर तो मोह प्रत्येकाला होतो. तुमच्या ध्वनिफितींमधली ती जात्याच्या घरघरीवरची लांब कविता मराठीतच उभी राहते, ओव्यांचा ताल तिच्या श्वासात आहे. त्याऐवजी सात-आठ कवितांचे साधे, ओळीला ओळ असे इंग्रजी आणि जमल्यास जर्मन मसुदे करून आणा. शिवाय बर्लिनमध्ये राहून जर्मनेतर भाषांत लिहिणाऱ्यांसाठी राज्याची लेखनवृत्ती आहे; तिची वर्षागणिक जाहिरात तपासत राहा. वेटेरानेनश्ट्रासवरच्या आकूड या कलाकेंद्रातली लेट्रेटाज ही संस्था अनेक भाषांतल्या लेखकांसोबत काम करते आणि अर्ज कसे लिहायचे याबद्दल सल्लाही देते.

रुजू व्हायची तारीख तुमच्या हातात असेल तर ऑगस्टची मागा. सप्टेंबरमध्ये समकालीन संगीताचा महिना आणि आर्ट वीक हे दोन्ही असतात, रोज कुठे ना कुठे काही चालू असतं, संध्याकाळी उजेड असतो आणि माणसं दारात उभी राहून बोलतात. नोव्हेंबरनंतर चारच्या सुमाराला अंधार पडतो. तोवर चार ओळखी झालेल्या असल्या तर पहिला हिवाळा सोपा जातो. तारीख पक्की झाली की कळवा, आउसलांटला मी सोबत येईन.