अर्क, झोन आणि काढा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

वनस्पतींच्या अर्कांची जिवाणुरोधक चाचणी करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून आणि काढ्यांवर भिस्त ठेवणाऱ्या वाचकांकडून तेच ते प्रश्न येत असल्याने निवडक उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : दुकानातली अडुळशाची भुकटी चाचणीसाठी चालेल का?
उत्तर : नाही. फुलोऱ्यासह फांदीचा हर्बेरियम नमुना (दाबून वाळवून कागदावर लावलेला) करून वनस्पतितज्ज्ञाकडून ओळख पटवून घ्यावी. भुकटीसोबत दुकानदाराने दिलेला दाखला कागदापलीकडे काही नाही.

प्रश्न : अर्क पाण्यात काढावा की मिथेनॉलमध्ये?
उत्तर : दोन्हींत.

प्रश्न : प्रति मिली 100 मिग्रॅ तीव्रतेचा 50 मायक्रोलिटर अर्क आगरच्या (जिवाणू वाढवण्याच्या जेलीच्या) खळग्यात घातल्यावर स्टॅफिलोकोकस या जिवाणूवर 18 मिमीचा झोन (जिवाणू न वाढलेले वर्तुळ) मिळाला आणि जेंटामायसिन या अँटिबायोटिकच्या चकतीने 20 मिमीचा. दोन्ही जवळपास सारखेच ना?
उत्तर : मुळीच नाही, आणि हा गैरसमज प्रबंधांतूनही सर्रास छापला जातो. त्या चकतीत सहसा 10 मायक्रोग्रॅम औषध असते. तुमच्या खळग्यात 5 मिग्रॅ, म्हणजे पाचशेपट अर्क गेला. शिवाय झोनचा व्यास द्रव्य आगरमधून किती पसरते यावरही ठरतो, त्यामुळे तेलकट घटकांचा चांगला अर्कसुद्धा नापास दिसतो. केवळ द्रावक घातलेला खळगा ठेवला होता का, हे तुम्ही लिहिलेले नाही. झोन ही फक्त पहिली चाळणी आहे. पुढे 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये अर्क निम्म्या-निम्म्याने पातळ करत न्यावा आणि वाढ रोखणारी किमान तीव्रता, म्हणजे एमआयसी, काढावी. अर्काच्या हिरव्या रंगामुळे गढूळपणा कळत नसेल, तर रेझाझुरिन हे रंगद्रव्य वापरावे : जिवाणू वाढले की निळ्याचे गुलाबी होते. प्रति मिली 100 मायक्रोग्रॅमच्या आत आकडा आला, तर मानवी पेशींवरील विषारीपणाची चाचणी कशी आखायची, हे मार्गदर्शकांशी बोलून ठरवावे.

प्रश्न : ‘99.9 टक्के जंतू नष्ट’ म्हणणारा हर्बल हँडवॉश घ्यावा का?
उत्तर : कोणते जंतू, किती तीव्रता आणि किती वेळ, हे वेष्टनावर नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. दहा लाखांतले 99.9 टक्के मेले तरी हजार उरतातच. नेहमीचा साबण पुरतो; त्वचेचा आजार असल्यास त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे.

प्रश्न : आईला लघवीचा संसर्ग आहे. दारुहळदीने जिवाणू मरतात असे ऐकले. अँटिबायोटिक थांबवून काढा द्यावा का?
उत्तर : थांबवू नये. दारुहळदीतले बर्बेरिन प्लेटमध्ये काही जिवाणूंना रोखते हे खरे, पण पोटात घेतल्यावर ते रक्तात फारच थोडे उतरते, आणि काही औषधांच्या यकृतातील विघटनात अडथळा आणू शकते. काढा आधीच दिला असेल, तर डॉक्टरांपासून लपवू नये. लघवीच्या कल्चरचा अहवाल त्यांना दाखवावा, आणि थंडी वाजून ताप किंवा कुशीत दुखणे सुरू झाले असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.