‘आवडला’च्या पुढे काय लिहायचं?

मागच्या अंकात मी मुद्रितशोधनाच्या टेबलावरून चित्रपट परीक्षणाकडे कशी आले, ते लिहिलं होतं. १४ वर्षं दिवसा दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढायच्या आणि रात्री, नवा लागलेला चित्रपट पाहून आले की वहीत चार ओळी लिहायच्या, असा माझा क्रम होता. नेहमीचे परीक्षक आजारी पडले तेव्हा संपादकांनी त्या वहीतलं एक पान मागून घेतलं, आणि तिथून हे काम माझ्याकडे आलं. त्या लेखावर आलेली बरीचशी पत्रं स्वतः लिहू पाहणाऱ्यांचीच आहेत. या वेळी त्यांचेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : ताई, नवा चित्रपट लागला की पहिल्या दोन दिवसांत पाहायचा आणि मित्रांना त्याबद्दल लिहून पाठवायचं, हे मी दोन वर्षं करतोय. आता एका साप्ताहिकाने ४०० शब्दांचं परीक्षण मागितलं आहे. लिहायला बसलो की ‘आवडला’, ‘उत्तरार्ध लांबला’ याच्यापुढे गाडी जात नाही. मित्रांना लिहिताना असं होत नव्हतं.

उत्तर : मित्रांना तुम्ही माहीत आहात. तुम्हाला कशाने रडू येतं, कुठल्या चित्रपटात तुम्ही झोपला होतात, हे सगळं त्यांना ठाऊक असतं, म्हणून तुमच्या ‘आवडला’ या एका शब्दातून त्यांना बरंच काही कळतं. साप्ताहिकाच्या वाचकाशी तुमची ओळखच नाही. त्याला तुमचं मत पटो न पटो, ते कशावरून झालं एवढं तरी दिसायला हवं.

मी अजूनही एक गोष्ट न चुकता करते. घरी आल्यावर आधी मत लिहीत नाही. चित्रपट चालू असताना ज्या तीन-चार क्षणी माझ्यात काही बदललं, ते क्षण लिहून काढते. कुठे पुढे सरकून बसले, कुठे घड्याळ पाहिलं, कुठे घसा दाटला. मग एकेका क्षणापाशी थांबून आठवते, की नेमक्या त्या वेळी पडद्यावर काय होतं. एकदा वहीत मी लिहिलं होतं, ‘आई आणि मुलीचा प्रसंग हलवून गेला.’ हे वाक्य कुठल्याही चित्रपटाला चिकटवता आलं असतं. बराच वेळ आठवत बसल्यावर लक्षात आलं, की आई बोलत असताना कॅमेरा सगळा वेळ मुलीच्या चेहऱ्यावरच होता. आईचा फक्त आवाज येत होता, आणि तिचा चेहरा दिसला तोवर तिचं बोलून झालं होतं. आईचं दुःख आपण मुलीच्या चेहऱ्यावर वाचत होतो. परीक्षणात हे लिहिलं. ‘हलवून गेला’ हे शब्द मग लागलेच नाहीत.

कथानकाला ४०० शब्दांतले ८०-९० शब्द पुरे होतात. माझ्या पहिल्या परीक्षणात तीन भाग कथा आणि एक भाग मत होतं. संपादकांनी सलग दोन परिच्छेदांवर तिरकी रेघ मारली. मी स्वतः इतकी वर्षं लाल शाईने काम केलेलं होतं, तरी त्या रेघेने मला दुखावलं, आणि ती रेघ बरोबर होती. गोष्ट सांगत राहिलं की आपण काहीतरी लिहितोय असं वाटत राहतं, आणि पाहणं राहून जातं. कलाटणी कुठे येते हेसुद्धा सांगू नका. ‘शेवटी मोठा धक्का आहे’ एवढं म्हटलं तरी वाचक तो धक्का शोधत बसतो आणि आधीचा दीड तास त्याच्या हातून निसटतो.

प्रश्न : अंधारात टिपणं कशी काढता?

उत्तर : छोटी वही, पेन्सिल, एका पानावर एकच नोंद, आणि अक्षर मोठं. नजर पडद्यावरच ठेवायची. ओळी एकमेकींवर चढल्या तरी चालतील. वाक्यं लिहू नका, वस्तूंची नावं लिहा. ‘लाल दार’, ‘पाण्याचा आवाज’, ‘हात खिशातच’. मोबाइल नको, त्याचा उजेड मागच्या तीन रांगांना दिसतो. श्रेयनामावली संपेपर्यंत बसा. संकलन, ध्वनी, वेशभूषा कोणाची हे तिथे कळतं. आणि तासाभरात नोंदी सविस्तर लिहून काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘लाल दार’ कुठलं, ते मला एकदा आठवलंच नव्हतं.

प्रश्न : छायालेखन, संकलन यांवर लिहायची भीती वाटते. मी यातलं काही शिकलेली नाही. पण न लिहावं तर परीक्षण पोरकट वाटतं.

उत्तर : हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे. दुसऱ्याच वर्षी मी एका चित्रपटातल्या जेवणाच्या टेबलावरच्या प्रसंगाबद्दल लिहिलं होतं, ‘इथे संकलन ढिलं पडलं आहे.’ दोन आठवड्यांनी त्या चित्रपटाच्या संकलकांचं पत्र आलं. रागाचा एक शब्द नव्हता. त्यांनी एवढंच लिहिलं होतं, की त्या प्रसंगात कटच, म्हणजे दोन दृश्यतुकड्यांचा जोडच, नाही. साडेचार मिनिटांचं ते सलग एकच दृश्य आहे. मी पुन्हा जाऊन पाहिलं. खरोखरच एकही कट नव्हता. ज्या माणसाच्या हातात तिथे कापायला काही ठेवलेलंच नव्हतं, त्याला मी छापील अक्षरांत दोष दिला होता. पुढच्या अंकात दुरुस्ती दिली. ते पत्र अजून माझ्या खणात आहे.

प्रसंग लांबला, तो का लांबला हे प्रेक्षागृहात बसून ठरवता येत नाही. पटकथेत तो मुळात नको होता का? दिग्दर्शकाने तो एका दमात चित्रित करायचं ठरवलं होतं का? की संकलनात दोन तुकडे जास्त राहिले? काय काय चित्रित झालं होतं आणि त्यातलं काय फेकून दिलं, ते आपल्याला दिसलेलंच नसतं. म्हणून परिणामाबद्दल बिनधास्त लिहा, कारण तो तुमच्यावर झालेला आहे. ‘जेवणाच्या प्रसंगात तिसऱ्या मिनिटाला माझं लक्ष भांड्यांकडे गेलं’ हे लिहायला कुठलीही पदवी लागत नाही. जबाबदारी कोणाची, हे मात्र पक्कं माहीत असेल तेव्हाच लिहा.

आणि शिकायचं असेल तर ते घरी बसून शिकता येतं. आधी पाहिलेल्या एखाद्या चित्रपटाची दहा मिनिटं आवाज बंद करून पाहा आणि कट मोजा. मग तीच दहा मिनिटं डोळे मिटून ऐका. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चकित झाले होते. पावलं, कपड्यांची सळसळ, कप ठेवल्याचा आवाज, यातलं पुष्कळसं चित्रीकरणानंतर स्टुडिओत पडद्याकडे पाहत नव्याने केलेलं असतं. जॅक फोली या ध्वनिकाराच्या नावावरून त्या कामालाच फोली म्हणतात. चित्रपट सेकंदाला साधारणपणे २४ चौकटींनी, म्हणजे सुट्या स्थिर चित्रांनी, चालतो, आणि संकलक दोन-चार चौकटींसाठीही अडून बसतो. एखाद्या पात्राने उत्तर द्यायला अर्धा सेकंद जास्त घेतला, तर त्या १२ चौकटींत ते खोटं बोलतंय की काय असं आपल्याला वाटू लागतं. हे एकदा कानाडोळ्यांना कळलं, की तांत्रिक शब्द न वापरताही तुमच्या लिखाणात ते उतरेल.

प्रश्न : समीक्षकांची मतं एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर ९५ टक्के पाहून एका चित्रपटाला गेलो आणि फार निराश झालो. एवढ्या समीक्षकांची चूक कशी होते? तुम्ही तारे का देत नाही?

उत्तर : कोणाचीच चूक झालेली नसेल. तो आकडा म्हणजे गुण नव्हेत. शंभरातल्या किती समीक्षकांचं मत एकंदरीत अनुकूल आहे, एवढंच तो सांगतो. ६० टक्क्यांपासून पुढे चित्रपट ‘फ्रेश’ धरला जातो. दहा जणांना एखादा चित्रपट ‘ठीक, बघायला हरकत नाही’ इतपतच वाटला, तरी १०० टक्के होतात. दुसऱ्या एखाद्या चित्रपटाने सात जणांची झोप उडवली आणि तीन जण वैतागून बाहेर पडले, तर त्याला ७० मिळतात. मी त्या ७० वाल्याला आधी जाईन.

ताऱ्यांचं म्हणाल, तर आमच्या मासिकाने ते मागितले नाहीत, म्हणून मी देत नाही. तुमच्या संपादकांनी मागितले तर लिहून झाल्यावर द्या. आधी दिले, की पुढचं सगळं लिखाण त्या ताऱ्यांची वकिली करत बसतं.

प्रश्न : पहिल्या दिवशीच्या घाईत एका चित्रपटाला मी फार वाईट म्हटलं. महिन्याने पुन्हा पाहिला, तर माझंच चुकलं असं वाटतंय. आता गप्प बसावं का?

उत्तर : गप्प बसू नका. १९६७ साली ‘बॉनी अँड क्लाइड’ आला, तेव्हा ‘न्यूजवीक’चे समीक्षक जो मॉर्गनस्टर्न यांनी त्याला झोडपलं होतं. मग त्यांनी तो पुन्हा, साध्या प्रेक्षकांत बसून पाहिला, आणि पुढच्याच आठवड्यात आधीचं मत मागे घेणारा लेख लिहिला. त्याने त्यांचं नाव खराब झालं नाही. आज त्यांचा तो दुसरा लेखच लोक आठवतात. याउलट अमेरिकन समीक्षक पॉलिन केल या चित्रपट एकदाच पाहायच्या, आणि पहिल्या भेटीत जे झालं तेच खरं मानायच्या. मला केल यांचं लिखाण अतिशय प्रिय आहे, पण या बाबतीत मी मॉर्गनस्टर्न यांच्या बाजूची. पहिल्या दिवशी आपण दमलेले असतो, भुकेले असतो, शेजारी कोणीतरी बोलत असतं, लेख रात्रीत द्यायचा असतो.

फक्त ‘आता आवडला’ एवढंच लिहू नका. पहिल्यांदा काय निसटलं होतं, ते लिहा. आणि जुना लेख गुपचूप बदलू नका. तो तसाच राहू द्या, खाली तारीख घालून नवी नोंद जोडा.

प्रश्न : चित्रपट लागायच्या आधीच्या खास खेळाला मला पहिल्यांदाच बोलावणं आलं आहे. पत्रात ‘अमुक तारखेच्या आधी परीक्षण देऊ नये’ अशी अट आहे. सोबत भेटवस्तूही आली, आणि एकाने फोन करून ‘जरा सांभाळून लिहा’ म्हटलं. शिवाय चित्रपटात माझ्या मामेभावाचं छोटं काम आहे.

उत्तर : खेळाला जा. तारखेची अट मान्य करून गेलात तर ती पाळा, मग दुसऱ्या कोणी मोडली तरीही. असे खेळ असलेच पाहिजेत असं काही नाही. १९६० साली ‘सायको’ या रहस्यपटासाठी दिग्दर्शक हिचकॉक यांनी समीक्षकांचे वेगळे खेळ ठेवलेच नव्हते; रहस्य फुटू नये म्हणून समीक्षकांनाही सर्वांबरोबर बसावं लागलं. खास खेळात मात्र एक जपा. तिथे निम्मे लोक त्या चित्रपटाच्या कामात असलेले किंवा त्यांचे आप्त असतात. ते हसतात, टाळ्या वाजवतात, आणि तो उत्साह नकळत आपल्याला लागतो. जमलं तर नंतर साध्या खेळालाही जाऊन या.

भेटवस्तू दोन ओळींच्या चिठ्ठीसह परत पाठवा. फोन आल्याचं संपादकांना सांगा.

मामेभावाचं काम आहे, तेव्हा हे परीक्षण तुम्ही लिहू नका. काम छोटं आहे हे खरं, पण तुम्ही चित्रपट पाहत नसाल, मामेभाव कधी दिसतो याची वाट पाहत असाल. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीने एका चित्रपटाची वेशभूषा केली होती. मी लिहिणार नाही असं आधीच कळवलं होतं, नुसती पाहायला गेले. दोन तास मी फक्त बाह्या आणि पदर पाहत होते. नायकाचं काय झालं, ते मला नंतर विचारावं लागलं.

प्रश्न : ‘टीका करणं सोपं आहे, आधी एक चित्रपट करून दाखव’ असं मला सुनावलं जातं. नवोदितांच्या पहिल्या चित्रपटाबद्दल तर लिहायलाच हात धजावत नाही.

उत्तर : करून दाखवणारे समीक्षक झाले आहेत. फ्रेंच समीक्षक फ्रान्स्वा त्रुफो इतकं जहाल लिहीत, की १९५८ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाने त्यांना दारातच अडवलं. पुढच्या वर्षी त्याच महोत्सवात त्यांना पहिल्याच पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. केल यांनी एकही चित्रपट दिग्दर्शित केला नाही, आणि त्यांचं लिखाण त्यामुळे उणं ठरत नाही. तेव्हा त्या टोमण्याला उत्तर देत बसू नका.

नवोदितांबद्दल लिहायचं टाळू मात्र नका. पहिला चित्रपट करणाऱ्याला सगळ्यात जास्त त्रास होतो तो कोणी लक्ष देऊन न पाहिल्याचा. नटाचं रूप, उंची, वजन यावर एक अक्षरही नको. त्याने किंवा दिग्दर्शकाने जे ठरवून केलं, त्यावर हवं तितकं स्पष्ट लिहा. लेख पाठवण्याआधी मी तो मोठ्याने वाचते, आणि ते पत्र लिहिणारे संकलक समोरच्या खुर्चीत बसले आहेत असं धरते. त्यांच्या तोंडावर म्हणता येणार नाही ते वाक्य खोडते. गेल्या आठवड्यात एका नव्या दिग्दर्शकाबद्दलच्या तीन ओळी अशाच खोडल्या. चौथी ठेवली : ‘शेवटच्या वीस मिनिटांत नायिका एकदाही स्वतःच्या हाताने दार उघडत नाही.’