हातातला तांब्या काढून घेऊ नकोस

"मावशी, आम्ही वसईचे ख्रिस्ती. मुलगी पावणेतीन वर्षांची. जूनपासून तिला आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आवारातल्या मॉन्टेसरी वर्गात घातलंय. तीन महिने झाले, एबीसीडी नाही, कविता नाही. घरी आली की तांब्यातलं पाणी पेल्यात ओतत बसते. सासूबाई विचारतात, फी भरून भांडी विसळायला पाठवतेस का? सिस्टरांचा वर्ग असून पोरीला 'नमो मरिये' ही मरियामातेची प्रार्थना येत नाही, हे तर त्यांना फारच लागलंय. शेजारचा मुलगा इंग्रजी नर्सरीत जातो, पन्नासपर्यंत आकडे म्हणतो. दिवाळीनंतर हिलाही तिथेच घालू का?"

लेकी, घाई करू नकोस. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या तांब्यापाशीच थांबले.

मी बालवाडीत बावीस वर्षं काढली. पहिल्याच वर्षी एक मुलगा असाच पाणी ओतत बसला होता. जिभेचं टोक बाहेर, श्वास रोखलेला. धार पेल्याबाहेर जायला लागली तशी मी पुढे झाले, तांब्या घेतला आणि "हे बघ, अस्सं" म्हणून पेला भरून दिला. तो रडला नाही. रिकामे हात मांडीवर ठेवून बसून राहिला. त्यानंतर कितीतरी दिवस तो त्या ताटाकडे फिरकला नाही. मी त्याचं काय काढून घेतलं होतं, हे मला खूप उशिरा कळलं.

ओतताना मनगट वळतं, बोटांची पकड घट्ट होते, डोळा आणि हात एकमेकांना सांभाळायला शिकतात. उद्या पेन्सिल धरणार ती हीच बोटं. सांडलं तर ते तिला दिसतं, कुणी रागवायला लागत नाही, फडकं घेऊन पुसलं की झालं. अक्षरंही येतील. तीन वर्षांच्या पुढे खरखरीत कागदाची अक्षरं बोटाने गिरवून आणि त्यांचा आवाज ऐकून ती शिकवतात. शेजारच्या मुलाचं कौतुक कर, पण त्याला टोपलीतली सात केळी मोजून आणायला सांग. पाठ म्हणणं आणि मोजणं यांतलं अंतर तुझं तुलाच दिसेल.

आता सासूबाईंचं दुःख. ते खरं आहे, त्यांना गप्प करू नकोस. ही शिक्षणपद्धत घडवणाऱ्या मारिया मॉन्टेसरी स्वतः कॅथलिक होत्या. 1907 मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं. तिथे एकदा त्या चार महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन वर्गात आल्या आणि म्हणाल्या, बघा, हे किती शांत आहे. मुलंही श्वास धरून शांत झाली. त्यातून शांततेचा खेळ निघाला: सगळे निश्चल बसतात आणि बाई लांबून कुजबुजत एकेकाला नावाने हाक मारतात. पुढे 1954 मध्ये रोममध्येच सोफिया कावालेत्ती आणि जियाना गोब्बी यांनी याच वाटेने लहान मुलांचं धर्मशिक्षण सुरू केलं. त्यात लाकडी मेंढरं आणि मेंढपाळ मुलांच्या हातात देतात. तो मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, ही बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्ट सासूबाईंना पाठ असेल. ती त्यांनीच नातीला सांगावी, अगदी सावकाश.

घरच्या वेदीपुढची फुलं बदलायचं काम पोरीला द्या. छोटी फुलदाणी, छोटा तांब्या, वसईचा मोगरा. संध्याकाळी आजी जपमाळ धरेल तेव्हा शेजारी बसू दे, वाटेल तेव्हा उठू दे. 'नमो मरिये' कानावर पडून पडूनच ओठांवर येईल. फक्त पाहुण्यांसमोर "म्हणून दाखव" करू नका. ते मला अजिबात आवडत नाही.

एक मात्र तपासून घे. मॉन्टेसरीची पाटी कुणीही लावतं. तासभर वर्गात कोपऱ्यात बसून बघ. लहानमोठी मुलं एकत्र आहेत का, काम मूल स्वतः निवडतं का, रमलेल्या मुलाला कुणी मध्येच उठवतं का, बाईंचं प्रशिक्षण झालंय का. सगळ्यांना एकाच सफरचंदात लाल रंग भरायला बसवलं असेल, किंवा "येशू रागावेल" अशी भीती घातली जात असेल, तर खुशाल काढ तिला. तेव्हा मी तुझ्याच बाजूने उभी राहीन.

फी जड जात असेल तर तेही मोकळेपणाने बोल. या शिक्षणाला महाग लाकडी साहित्यच लागतं असं नाही. तुझ्याच जिल्ह्यात, बोर्डीला, 1945 मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, खडे, पानं घेऊन बालवाडी चालवली. जी मुलं येत नव्हती त्यांच्या अंगणात त्या स्वतः गेल्या. आपल्या अंगणवाडीचं मूळ तिथलं. तुझ्या घरात चिंचोके आणि किनाऱ्यावरचे मोठे शिंपले असतीलच. ती अजून वस्तू तोंडात घालत असेल तर चिंचोके राहू दे, शिंपले पुरेत.

वर्ग बघायला जाशील तेव्हा सासूबाईंना बरोबर ने. घरी पोरगी पाणी ओतायला बसली की त्यांनाही जवळ बसव. फडकं मात्र तिच्याच हाताशी ठेव.