कुठलं मीठ घेऊ? रीफ टँकवाल्यांचे प्रश्न

या वेळी जवळपास सगळे प्रश्न रीफ टँकच्या, म्हणजे प्रवाळ पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत घालायच्या तयार मिठाचेच आलेत, म्हणून एकत्रच घेतो.

प्रश्न (पुणे): २०० लिटरचा टँक आहे, त्यात लेदर, झोआ आणि मशरूम हे मऊ प्रवाळ. दुकानदार म्हणतो रेड सी कंपनीचं कोरल प्रो मीठच घ्या, ते प्रीमियम आहे. साधं चालेल का?

चालेल काय, पळेल. प्रीमियम म्हणजे आकडे जास्त, असं आपल्या डोक्यात का बसलंय कोण जाणे. खऱ्या समुद्राचं पाणी ३५ पीपीटीला (हजारात ३५ भाग क्षार) बघितलं तर कॅल्शियम ४१०-४२० पीपीएम (दहा लाखात भाग), मॅग्नेशियम १३००च्या आसपास आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप, जेमतेम ७ डीकेएच (तिचं एकक). कोरल प्रोची अल्कलिनिटी मुद्दाम १२च्या आसपास ठेवलीये, कारण ते भराभर वाढणाऱ्या दगडी प्रवाळांसाठी बनवलंय, त्यांना सांगाडा बांधायला कार्बोनेट लागतं. तुमच्या झोआ-मशरूमना कुठला सांगाडा बांधायचाय? त्याच कंपनीचं निळ्या बादलीवालं साधारण ८ला बसतं, ट्रॉपिक मरीन कंपनीचं प्रो रीफ ७च्या जवळ. तुमचा टँक ज्या आकड्यावर सुखात आहे त्याच्या जवळचं मीठ घ्या आणि मग तेच धरून ठेवा, दर ऑफरला ब्रँड बदलू नका. मी स्वतः जास्त पैसे मोजतो ते एकाच गोष्टीसाठी, प्रत्येक बादली आधीच्या बादलीसारखी निघावी म्हणून. तरी नवीन बादली उघडली की एक टेस्ट मारतोच.

खर्चाचं म्हणाल तर लिटरला साधारण ३८ ग्रॅम धरा, आठवड्याला १० टक्के म्हणजे २० लिटर पाणी बदललं तर ७६० ग्रॅम, २० किलोची बादली ६ महिने जाते.

प्रश्न (न्यू जर्सी): माझा एसपीएस (बारीक तोंडांचे दगडी प्रवाळ) टँक आहे, अल्कलिनिटी रोज १ डीकेएचने घसरते. जास्त अल्कलिनिटीचं मीठ घेतलं तर डोसिंग (रोज मोजून रसायनं घालणं) बंद करता येईल का?

नाही हो. हिशोबच करू. टँक ८वर आहे आणि १२वाल्या पाण्याने १० टक्के बदल केला तर किती होतील, ८.४. म्हणजे आठवड्यातून एकदा ०.४ मिळाले आणि तेवढ्याच दिवसांत प्रवाळांनी खाल्ले ७. मिठाने हे भरून निघणार नाही, डोसिंग किंवा प्रवाळाची खडी विरघळवून पाण्यात सोडणारा कॅल्शियम रिअॅक्टर लागणारच. उलट भीती ही की कधीतरी उत्साहात ३० टक्के पाणी बदलाल आणि ८चे एका झटक्यात ९.२ होतील. नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्याला टेकलेल्या टँकमध्ये असा चढ-उतार झाला की एसपीएसची टोकं पांढरी पडतात आणि मग आपण लाइटला शिव्या घालत बसतो. डोसिंग करताय तर ७-८वालं मीठच बरं, म्हणजे पाणी बदललं तरी आकडा हलत नाही.

प्रश्न (रत्नागिरी): समुद्र दारात आहे, मीठ विकत कशाला घ्यायचं? निदान मिठागरातलं खडे मीठ तरी चालेल ना?

खडे मीठ तर अजिबात नको. मिठागरात पाणी आटतं तेव्हा आधी चुना आणि जिप्सम खाली बसतात, मग मीठ धरतं आणि मॅग्नेशियम राहतं त्या उरलेल्या कडू पाण्यात, जे आगरवाले काढून टाकतात. म्हणजे हातात येतं ते जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड, लोणच्याला उत्तम, प्रवाळाला निरुपयोगी. समुद्राचं पाणी तत्त्वतः चालतं, पण खाडीच्या तोंडाशी किंवा बंदराजवळ भरलं तर गाळ आणि डिझेल दोन्ही फुकट, आणि पावसाळ्यात नद्यांचं पाणी येऊन किनाऱ्यावरचा खारटपणा एकदम कमी होतो. आणि एक सांगून ठेवतो, पाणी आणायला गेलात तर प्रवाळाचा तुकडा उचलू नका. दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला.

प्रश्न (ठाणे): पावसाळ्यात मिठाचे गोळे झालेत, पाण्यात टाकलं तर दुधासारखं पांढरं होतं. फेकून देऊ का?

मिठातलं कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढतात, आपल्याकडे जुलैत तर बादली अर्धा तास उघडी राहिली तरी पुरे. नुसते मऊ गोळे असतील तर फोडून वापरा, फक्त आता वजनावर जाऊ नका, वजनात पाणीही आलंय, तेव्हा रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं उपकरण) ३५ येईपर्यंत टाकत राहा (आणि तो ३५च्या द्रावणानेच कॅलिब्रेट करा, आरओच्या पाण्याने नव्हे). दगडासारखे घट्ट गोळे झाले असतील किंवा पाणी काही तासांनीही निवळत नसेल तर आत कॅल्शियम कार्बोनेट बनून गेलंय, ते परत विरघळणार नाही. अल्कलिनिटी टेस्ट करा, नेहमीपेक्षा बरीच कमी आली तर टँकमध्ये घालू नका.

मिसळायची पद्धतही बघा. आरओ-डीआयचं (क्षार जवळपास पूर्ण काढलेलं) पाणी आधी, पंप चालू, मग मीठ थोडं थोडं. मी एकदा आळसाने तळाला उरलेल्या मिठावरच पाणी ओतलं होतं, अख्ख्या पिंपाला आतून चुना धरला, व्हिनेगरने घासता घासता रविवार गेला. कोरल प्रो तर कंपनीच सांगते की ४ तासांपेक्षा जास्त ढवळू नका, रात्रभर पंपावर सोडून सकाळी वापरायचं ते मीठ नव्हे.

प्रश्न (नाशिक): पाणी आटलं की मीठ घालून भरायचं ना?

नाही, साधं आरओचं पाणी. आटतं ते पाणी, मीठ टाकीतच असतं.