करणीची समीकरणे शिकताना आधी एवढे सांभाळा

आपण करणीची समीकरणे, म्हणजे ज्यांत अज्ञात संख्या √ सारख्या मूळचिन्हाखाली असते अशी समीकरणे, शिकायला सुरुवात केलीत याचा आनंद वाटला. अप्पा बळवंत चौकातून गाईडांचा गठ्ठा आणण्यापूर्वी दोन-तीन सवयी अंगी बाणवाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

करणी एका बाजूला एकटी केल्याशिवाय वर्ग करू नका. √क्ष + २ = ५ येथे प्रत्येक पदाचा सुटा वर्ग करून क्ष + ४ = २५ लिहिलेले मी सदाशिव पेठेतल्या माझ्या शिकवणीत कितीतरी वह्यांत पाहिले आहे; आधी २ पलीकडे नेल्यास √क्ष = ३, म्हणजे क्ष = ९ मिळते.

सर्वांत महत्त्वाचा आहे तो पडताळा. √(क्ष + ६) = क्ष याचा वर्ग केल्यावर ३ आणि −२ अशा दोन किमती येतात, परंतु −२ घातल्यास डावीकडे २ व उजवीकडे −२ उरते, कारण √ हे चिन्ह ऋण नसलेलेच मूळ दाखवते; म्हणून ती किंमत सोडून द्यावी.

परिमेय घातांकात, म्हणजे घातांक अपूर्णांक असताना, छेद मूळ सांगतो, अंश घात. क्षचा २/३ वा घात ४ असेल, तर दोन्ही बाजूंचा घन करून क्ष² = ६४ मिळते, आणि येथे मात्र ८ व −८ या दोन्ही उकली खऱ्या असतात.

दोन करण्यांची समीकरणे तूर्त बाजूला ठेवावीत.