काळ खरोखर अस्तित्वात आहे, की माणसाने सोयीसाठी केलेला तो एक संकेत आहे?

प्रश्नाच्या तपशिलात आपण लिहिले आहे की घड्याळातील वेळ माणसाने ठरवलेली आहे, आईन्स्टाइनने काळ सापेक्ष असल्याचे दाखवले आहे, तेव्हा काळ हा भ्रम मानावा का? यातील पहिली दोन विधाने बरोबर आहेत. त्यांवरून निघणारा निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे. हाच निष्कर्ष मी यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या खेड्यातल्या शाळेत एका तपासणी अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकला होता, म्हणून उत्तर लिहायला बसलो. एरवी असे प्रश्न मी वाचून सोडून देतो.

मी नोकरीभर विज्ञान शिकवले. आठवीच्या मुलांकडून शंकूची, म्हणजे जमिनीवर सरळ उभ्या केलेल्या काठीची, सावली मोजून घेणे हा माझा नेमाचा प्रयोग होता. पद्धत जुनी आहे, सूर्यसिद्धान्त या प्राचीन ज्योतिषग्रंथातही सापडते. सपाट जमिनीवर वर्तुळ आखून मध्यभागी काठी ओळंब्याने सरळ उभी करायची, सकाळी सावलीचे टोक वर्तुळात जिथे शिरते आणि दुपारी जिथून बाहेर पडते तिथे खूण करून वेळ टिपायची; त्या दोन वेळांचा मध्य म्हणजे त्या जागेचा खरा मध्यान्ह. सर्वांत आखूड सावली थेट शोधण्याच्या फंदात पडू नये, कारण मध्यान्हाच्या आसपास तिची लांबी इतकी सावकाश बदलते की दहा मिनिटे इकडची तिकडे झाली तरी फरक कळत नाही. आम्ही मैदानाचा एक कोपरा शेणाने सारवून घेत असू आणि खुणांसाठी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या, काड्या खोचत असू. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी असल्यामुळे एक मीटर उंचीच्या काठीच्या सावलीचे टोक सेंटिमीटरभर पुसट असते, आणि खरी कडा गडद की फिकट यावर मुलांची भांडणे होत. मी त्यांना एवढेच सांगे की सकाळी जी कडा धरली तीच दुपारी धरा, म्हणजे चूक दोन्हीकडे सारखी पडून मध्य हलणार नाही.

तपासणीचे ते साहेब आले ते फेब्रुवारीच्या मध्यावर. त्या दिवशी सावली दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी वर्तुळात शिरली आणि दोन वाजून सतरा मिनिटांनी बाहेर पडली, म्हणजे मध्यान्ह बारा वाजून बत्तीस मिनिटांनी झाला. साहेबांनी फळ्यावरचा आकडा पाहिला, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले आणि सावली बारा वाजता सर्वांत आखूड असते हे पाठ्यपुस्तकातले वाक्य मला ऐकवले. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, घडी पुढं हाय का सूर्य मांगं हाय जी?" माझ्या मते त्या दिवशीचा सर्वांत चांगला प्रश्न तोच होता, साहेबांनी त्याला हसून गप्प केले आणि शेरेबुकात लिहिले की प्रयोगात अर्ध्या तासाची त्रुटी असून शिक्षकाने घड्याळ तपासून घ्यावे.

घड्याळ आकाशवाणीवर लावलेले होते. भारताची प्रमाणवेळ १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर, बांधलेली आहे. आमचे गाव ७८ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे, म्हणून साडेचार अंशांची अठरा मिनिटे आमच्याकडे सूर्य बाराही महिने मागे असतो. उरलेली चौदा मिनिटे फेब्रुवारीची: पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा अक्ष सुमारे २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंतचा काळ वर्षभर सारखा राहत नाही, आणि साचत गेलेला हा फरक फेब्रुवारीत सूर्याला चौदा मिनिटे मागे टाकतो, तर नोव्हेंबरच्या आरंभी सोळा मिनिटे पुढे आणतो. हेच साहेब नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आले असते तर उत्तर बारा वाजून दोन मिनिटे आले असते आणि मला शाबासकीचा शेरा मिळाला असता. मी हे सारे कागदावर मांडून दाखवले. त्यावर चहा घेता घेता ते म्हणाले, "जाऊ द्या हो गुरुजी, आईन्स्टाइनने सांगितलेच आहे, काळ हा शेवटी भ्रमच." तासाभरापूर्वी ज्यांना मनगटावरचे घड्याळ सूर्यापेक्षा थोर वाटत होते, त्यांनी एका घोटासरशी काळच निकालात काढला.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. ज्या फरकाला साहेबांनी त्रुटी म्हटले, त्यातल्या वर्षभर बदलत्या भागाच्या आधारे न्यूटनने १६८७ साली निरपेक्ष काळाची मांडणी केली. नैसर्गिक दिवस परस्परांशी समान नसतात आणि ज्योतिर्विद ती असमानता दुरुस्त करून घेतात. मग ज्याच्या तुलनेत हे दिवस असमान ठरतात तो, कशावरही अवलंबून न राहता एकसारखा वाहणारा काळ वेगळाच असला पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद. त्याचा समकालीन जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निझ याने तो मानला नाही. काळ हा घटनांचा केवळ पूर्वापर क्रम आहे, घटना वगळल्या तर काळ नावाचे काही उरत नाही, हे त्याने १७१५-१६ मध्ये न्यूटनचा पाठीराखा क्लार्क याच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात मांडले. मला लाइब्निझ पटतो. पण दोघांपैकी एकानेही काळाला भ्रम म्हटलेले नाही, आणि घड्याळाचे काटे कुठे लावायचे हा सरकारी निर्णय आहे हे तर दोघांच्याही वादाचा विषयच नव्हते.

आपल्याकडच्या वैशेषिक दर्शनाच्या तत्त्वज्ञांनी काळ आणि त्याची मापे यांतला हा भेद आधीच नीट केलेला दिसतो. त्यांच्या नऊ द्रव्यांत काल हे एक, नित्य आणि सर्वव्यापी द्रव्य आहे. क्षण, दिवस, मास हे विभाग सूर्याच्या गतीसारख्या उपाधींमुळे, म्हणजे बाहेरून जोडलेल्या निमित्तांमुळे, पडतात. उलट बाजूला बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन, ज्याला परंपरा विदर्भातला मानते, तो मूलमध्यमककारिकेच्या एकोणिसाव्या प्रकरणात विचारतो की वर्तमान आणि भविष्य भूतकाळावर अवलंबून सिद्ध होत असतील तर ते भूतकाळातच असायला हवेत, आणि तिथे नसतील तर त्यावर अवलंबून कसे राहतील? मात्र तो नाकारतो ते काळाचे स्वतंत्र स्वभावसिद्ध अस्तित्व. व्यवहारातला काळ त्याने नाकारलेला नाही.

आईन्स्टाइनच्या १९०५ च्या सिद्धान्ताने गेले ते विश्वभर एकच असलेले 'आत्ता'. १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग या शास्त्रज्ञांनी सिझियमची अतिशय अचूक आण्विक घड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणली, तेव्हा जमिनीवरच्या घड्याळांच्या तुलनेत पूर्वेकडे गेलेली सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली आणि पश्चिमेकडे गेलेली सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. आपल्या मोबाइलला जागा दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांची घड्याळे दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात आणि ती दुरुस्ती आधीच करून ठेवावी लागते. तेवढ्या वेळात प्रकाश अकरा किलोमीटरहून अधिक जातो. भ्रमाला अशी मोजून दुरुस्ती लागू होत नाही. ज्या दोन घटनांमध्ये एक दुसरीचे कारण होऊ शकते, त्यांचा पूर्वापर क्रम कोणत्याही निरीक्षकासाठी उलटत नाही, हे सापेक्षतेचेच म्हणणे आहे आणि आमच्या साहेबांच्या गावी ते नव्हते. भ्रम हा शब्द आला आहे तो १९५५ मध्ये आईन्स्टाइनने आपला मित्र बेसो वारल्यावर त्याच्या घरच्यांना लिहिलेल्या सांत्वनपत्रातून, आणि तिथेही त्याने भूत, वर्तमान, भविष्य यांतील भेदाला भ्रम म्हटले आहे.

काळाला दिशा का आहे, हा मला यापेक्षा अवघड वाटणारा प्रश्न आहे. चुलीत जळालेल्या पऱ्हाटीची राख, धूर आणि उष्णता एकत्र येऊन पुन्हा पऱ्हाटी झाली, तर गतीची मूलभूत समीकरणे त्याला हरकत घेत नाहीत. तसे घडत नाही याचे उत्तर भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमनने १८७७ मध्ये संभाव्यतेच्या भाषेत दिले: विस्कळीत स्थिती सुव्यवस्थित स्थितीपेक्षा कितीतरी अधिक संभाव्य असते. पण ते पुरे पडण्यासाठी विश्वाचा आरंभ अतिशय सुव्यवस्थित स्थितीत झाला असे मानावे लागते, आणि तो तसा का झाला याचे सर्वमान्य उत्तर आजही नाही.

दोन गोष्टी न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या घटनांमध्ये प्रकाशाचाही निरोप पोहोचू शकत नाही, त्यांचा क्रम निरीक्षकानुसार खरोखर बदलतो. तसेच, गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम सिद्धान्त यांची सांगड घालू पाहणाऱ्या, व्हीलर आणि डेविट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या समीकरणात काळ हे चलच नाही, आणि त्यामुळे काळ मूलभूत नसून दुसऱ्या कशातून तरी उद्भवत असावा असे मानणारे गंभीर शास्त्रज्ञ आहेत. परंतु उष्णताही रेणूंच्या गतीतून उद्भवते. तिला भ्रम म्हणणाऱ्याने एकदा तवा हाताने उतरवून पाहावा.

आपल्याला माझा सल्ला एवढाच की ग्रंथ उघडण्यापूर्वी हा प्रयोग करा, आणि नोव्हेंबरऐवजी फेब्रुवारीत करा, म्हणजे संकेत कुठे संपतो हे डोळ्यांना दिसेल. बारा-बत्तीस हा आकडा ७८ अंशांचा आहे. त्याच दिवशी गोंदियाला मध्यान्ह सुमारे नऊ मिनिटे आधी आणि बुलढाण्याला सात मिनिटे उशिरा होईल. निकालाच्या कागदावर तारीख आणि गावाचा रेखांश सर्वांत वर लिहा, म्हणजे तपासणाऱ्याला मनगटाकडे पाहण्यापूर्वी ते वाचावे लागेल.